जुन्या तीनचाकी एटीव्हीचा तांत्रिक तक्ता कसा वाचावा: होंडा एटीसी घेऊ पाहणाऱ्यांसाठी

जुनी होंडा एटीसी, म्हणजे वाळू-चिखल-बर्फावर चालणारी होंडाची तीनचाकी एटीव्ही, विकायला आहे अशी जाहिरात दिसली की नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘किती सीसी?’ विचारायला हरकत नाही, पण तीन चाकांच्या या यंत्राबाबतीत त्या आकड्यावरून फारसं काही कळत नाही. गाडी जमिनीवर कशी उभी राहते, कशी वळते आणि कशी थांबते हे कंपनीच्या तांत्रिक तक्त्यातल्या वेगळ्याच ओळी सांगतात: मागचा आस (मागची दोन चाकं जोडणारा दांडा), टायरचा आकार, हवेचा दाब, सस्पेन्शन. या ओळी बहुतेक जण वाचत नाहीत, आणि अपघात नेमके तिथेच होतात.

हा लेख मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. ही यंत्रं सर्वांत जास्त तिथेच विकली गेली आणि आजही तिथेच लोकांच्या गॅरेजमध्ये, शेतघरांत, गवतात पडलेली सापडतात. अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर चारचाकी एटीव्हीवर फेरी मारलेले अनेक जण असतील. तो अनुभव इथे जवळजवळ उपयोगाचा नाही, हे आधीच मनाशी धरा.

आधी थोडा इतिहास, कारण तक्त्याचा अर्थ त्यातून लागतो

हिवाळ्यात मोटरसायकली विकल्या जात नाहीत, तेव्हा विकता येईल असं काहीतरी द्या, अशी मागणी होंडाच्या अमेरिकेतल्या विक्रेत्यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात केली. ओसामु ताकेउची या अभियंत्याने बर्फ, वाळू, चिखल अशा सगळ्यावर चालेल असं यंत्र शोधायला सुरुवात केली. दोन चाकं, तीन चाकं, त्याहून जास्त, असे बरेच प्रकार करून पाहिल्यावर तीन चाकांवर गाडी थांबली. खरी अडचण टायरची होती. मऊ जमिनीत न रुतणारं चाक हवं होतं, आणि ते सापडलं फुग्यासारख्या रुंद, अगदी कमी हवेच्या टायरमध्ये. १९७० साली यूएस९० बाजारात आली. ८९ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन, ७ अश्वशक्ती, किंमत ५९५ डॉलर. पुढे तिचंच नाव एटीसी ९० झालं.

मग १९७९ मध्ये एटीसी ११०, १९८० मध्ये १८५, १९८१ मध्ये टू-स्ट्रोक २५०आर, १९८२ मध्ये सामानाच्या रॅकसह २००ई म्हणजे ‘बिग रेड’, १९८३ मध्ये २००एक्स आणि १९८५ मध्ये ३५०एक्स. यामाहाची ट्राय-मोटो आणि ट्राय-झी, कावासाकीची टेकाटे, सुझुकीची एएलटी हीसुद्धा याच काळातली भावंडं.

अपघात वाढत गेले आणि त्यांत लहान मुलांचं प्रमाण मोठं होतं. डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकी सरकार आणि उत्पादक यांच्यात समझोता झाला, एप्रिल १९८८ मध्ये न्यायालयाने तो मंजूर केला आणि नव्या तीनचाकी गाड्यांची विक्री थांबली. २००८ च्या कायद्याने नवीन तीनचाकींच्या आयातीवर आणि विक्रीवर पुन्हा स्पष्ट बंदी घातली. लोकांकडे आधीच असलेल्या गाड्या मात्र परत मागवल्या गेल्या नाहीत, म्हणून त्या आजही हातोहात विकल्या जातात. होंडाची शेवटची एटीसी १९८७ च्या मॉडेल वर्षाची आहे. म्हणजे तुम्हाला मिळणारी सर्वांत ‘नवी’ गाडीसुद्धा जवळपास चाळीस वर्षांची असणार. इतक्या वर्षांत तिच्यात कोणी काय काय बदललं असेल याचा भरवसा नसतो. त्यामुळे कंपनीचा तक्ता वाचायचा आणि समोरच्या गाडीशी ताडून पाहायचा, ही दोन्ही कामं बरोबरच करायची.

पायरी १: गाडी नक्की कोणती, हे ठरवा

मालक काय सांगतो किंवा पेट्रोलच्या टाकीवर कुठलं स्टिकर आहे यावर जाऊ नका. स्टिकर नवे मिळतात, टाक्या एकमेकांना बसतात. फ्रेमवर ठोकलेला क्रमांक पाहा. तो फ्रेमच्या पुढच्या भागात असतो आणि त्यावर बहुधा चिखल नाहीतर रंगाचा थर बसलेला असतो. तारेचा ब्रश, थोडं रॉकेल आणि टॉर्च घेऊन जा. टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरपी धरा, म्हणजे ठोकलेल्या अक्षरांच्या सावल्या पडतात आणि पुसट क्रमांकही वाचता येतो.

१९८१ पासूनच्या गाड्यांवर १७ अक्षरी क्रमांक असतो आणि जपानी होंडा एटीसीचा ‘जेएच३’ ने सुरू होतो. त्यातलं दहावं अक्षर मॉडेल वर्ष सांगतं: बी म्हणजे १९८१, सी १९८२, डी १९८३, ई १९८४, एफ १९८५, जी १९८६, एच १९८७. इंजिनाचा क्रमांक क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावर, वेगळा ठोकलेला असतो. दोन्ही लिहून घ्या, फोटो काढा. क्रमांक घासलेला किंवा पुन्हा ठोकल्यासारखा वाटला तर तिथूनच परत फिरा. चोरीची गाडी स्वस्तात मिळाली तरी महागच पडते. कागदपत्रांचे नियम प्रत्येक राज्यात निराळे आहेत. आपल्या राज्याच्या वाहन खात्याकडे पैसे देण्याआधीच चौकशी करा.

वर्षाची एवढी उस्तवार का? कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या गाड्या आहेत. १९८३ ते ८५ ची २००एक्स आणि १९८६-८७ ची २००एक्स यांत इंजिन आणि चासी दोन्ही बदलले. २५०आर चंही तसंच: १९८४ पर्यंत हवेवर थंड होणारं इंजिन, १९८५ पासून पाण्यावर. वर्ष चुकलं तर तक्ता चुकतो, आणि पाठोपाठ मागवलेले सगळे सुटे भागही.

पायरी २: इंजिनाच्या ओळी

तक्त्यात ‘बोअर × स्ट्रोक’ अशी ओळ असते. बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, स्ट्रोक म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास. दोन्ही मिलिमीटरमध्ये. बोअरचा वर्ग करा, स्ट्रोकने गुणा, ०.७८५४ ने गुणा आणि हजाराने भागा, की सीसी मिळाले. एटीसी २०० चे आकडे आहेत ६५ × ५७.८, उत्तर येतं १९१.८, म्हणजे नावातले ‘२००’ प्रत्यक्षात १९२ सीसी आहेत. ११० चे ५२ × ४९.५, म्हणजे १०५ सीसी. ९० चे ५० × ४५.६, म्हणजे ८९. ३५०एक्स मात्र ८१ × ६८, नावाला जागून बरोबर ३५०.

हा हिशेब करायचा तो एका कारणासाठी. जुनं इंजिन बहुधा कधीतरी उघडलेलं असतं आणि सिलिंडर झिजला म्हणून मोठा करून घेतलेला असतो. तसं असेल तर पिस्टनच्या डोक्यावर ०.२५, ०.५० असे आकडे ठोकलेले दिसतात. ०.५० दिसलं तर २०० चा बोअर आता ६५.५ आहे आणि इंजिन जवळपास १९५ सीसीचं झालंय. ते वाईट नाही, पण पिस्टन आणि रिंगा मूळ मापाच्या मागवल्या तर बसणार नाहीत. शिवाय आणखी एकदा मोठा करायला सिलिंडरमध्ये किती जागा उरली आहे हेही त्यावरूनच ठरतं.

२५०आर च्या दोन पिढ्या शेजारी ठेवून पाहा. आधीची ७० × ६४.४, नंतरची ६६ × ७२. सीसी जवळजवळ सारखे, २४८ आणि २४६. नुसते सीसी पाहणाऱ्याला वाटेल एकच इंजिन आहे. प्रत्यक्षात पिस्टन, सिलिंडर, क्रँक सगळं वेगळं, आणि थंड करण्याची पद्धतसुद्धा वेगळी.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, ही ओळ नवख्याने दोनदा वाचावी. टू-स्ट्रोकमध्ये ताकद एकदम अंगावर येते, आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. प्रमाण २०:१ लिहिलं असेल तर एका लिटरला ५० मिलिलिटर ऑइल. ऑइल विसरलात तर पिस्टन सिलिंडरला धरतो आणि पुढचा महिना गॅरेजमध्ये जातो. यामाहाच्या ट्राय-मोटोसारख्या काही टू-स्ट्रोक गाड्यांना ऑइलची वेगळी टाकी आणि पंप असतो. तो पंप चाळीस वर्षांनंतरही काम करतोय हे पाहिल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नका.

फोर-स्ट्रोकला टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा भाग यांमधली जागा, तपासा. ७०, ९०, ११० या लहान इंजिनांना ती ०.०५ मिलिमीटर असते आणि इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजायची. फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) पात हलकी ओढ लागून सरकली पाहिजे. सहज सरकली तर फट जास्त, अडली तर कमी. फट जास्त असेल तर टकटक ऐकू येते आणि माणूस सावध होतो. कमी असेल तर इंजिन मुकाट्याने व्हॉल्व्ह जाळत राहतं, म्हणून मी शांत इंजिनाचा जास्त संशय घेतो.

विकत घेण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते, मोजायची परवानगी मागा. गेज स्पार्क प्लगच्या जागी लावायचं, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत किक मारायची किंवा सुरू करायची दोरी ओढायची. आलेला आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बघावे लागतील.

पायरी ३: क्लच आणि गिअर

‘सेमी-ऑटोमॅटिक’ असं लिहिलं असेल तर हँडलवर क्लचची दांडी नाही. पायाने गिअर दाबला की क्लच आपोआप सुटतो. आपल्याकडे हिरो होंडा स्ट्रीट चालवलेल्यांना हे लगेच समजेल. ७०, ९०, ११०, १८५, २०० आणि बिग रेड या गाड्या अशाच प्रकारच्या. २००एक्स, २५०आर आणि ३५०एक्स यांना हाताचा क्लच आहे.

चालवून बघताना एक खूण ध्यानात ठेवा. सेमी-ऑटोमॅटिक गाडी वरच्या गिअरमध्ये चढावर नेली आणि इंजिनाचा आवाज वाढला पण गाडी वाढली नाही, तर क्लच घसरतोय. कधीकधी इंजिनाच्या कव्हरवरच्या लॉकनट आणि स्क्रूच्या सेटिंगनेच काम भागतं, त्यामुळे लगेच प्लेटा बदलायला धावू नका. सेटिंगची पद्धत मॉडेलप्रमाणे मॅन्युअलमध्ये दिलेली असते, ती शब्दशः पाळा.

लहान एटीसींमध्ये ‘हाय-लो’ अशी दुहेरी रेंज आढळते. एका खटक्याने सगळे गिअर हळू आणि जोरदार होतात. खटका पाडून दोन्ही रेंजमध्ये गाडी खरोखर चालते का ते पाहा. वर्षानुवर्षं एकाच जागी राहिलेला खटका हलत नाही, असं बऱ्याचदा होतं.

पायरी ४: मागचा आस. इथे सावकाश वाचा

तक्त्यात ‘सॉलिड अ‍ॅक्सल’ असे दोनच शब्द असतील, किंवा तेवढेही नसतील. पण तीनचाकी एटीव्हीचा सगळा स्वभाव त्यात आहे.

आपली ऑटोरिक्षाही तीन चाकांचीच, पण तिच्या मागच्या चाकांमध्ये डिफरन्शियल असतं. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, आणि रिक्षा सहज वळते. एटीसीला डिफरन्शियल नाही. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बसवलेली, एक जितकं फिरेल तितकंच दुसरं.

आता हिशेब करा. मागच्या दोन चाकांच्या मध्यांत ८० सेंटीमीटर अंतर आहे असं समजा. एक पूर्ण फेरी मारली तर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा सुमारे ५ मीटर जास्त चालावं लागतं, वर्तुळ लहान असो की मोठं. दांडा एकच असल्यामुळे हे ५ मीटर कुठल्यातरी चाकाने घसरूनच भरून काढायचे. वाळूवर, चिखलावर, बर्फावर चाक सहज घसरतं आणि गाडी वळते. डांबरावर घसरत नाही. गाडी सरळच जाऊ पाहते, चालवणारा हँडल आणखी वळवतो, मग टायर एकदम पकड सोडतो किंवा आतलं चाक उचललं जातं आणि गाडी कलंडते. ‘पक्क्या रस्त्यावर चालवू नये’ ही सूचना कायद्यापुरती नाही, ती या दांड्यामुळे आहे.

म्हणून वळताना शरीराला काम करावं लागतं. वेग कमी करायचा, सीटवर थोडं पुढे सरकायचं, धड वळणाच्या आतल्या बाजूला झुकवायचं आणि वजन मात्र बाहेरच्या पायाखालच्या पेगवर (पाय ठेवायच्या दांडीवर) दाबायचं. त्यामुळे आतलं मागचं चाक हलकं होतं, थोडं घसरतं आणि गाडी वळते.

दांडा तपासायची रीत अशी: मागची बाजू भक्कम स्टँडवर उचला. चाक वर-खाली आणि आत-बाहेर हलवून पाहा. खडखड जाणवली तर बेअरिंग गेलंय किंवा दांड्यावरचे नट ढिले आहेत. मग गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून चाक हळू फिरवा आणि दांड्याच्या टोकाजवळ जमिनीवर टेकवून एक पेन्सिल धरा. फट एकदा वाढून एकदा कमी होत असेल तर दांडा वाकलाय. शेवटी हब, म्हणजे चाक दांड्यावर बसवणारा भाग, काढायला लावा आणि आतल्या खाचा पाहा. खाचांच्या कडा टोकदार, चाकूसारख्या झाल्या असतील तर हब झिजला. चढावर कधीतरी तो दांड्यावर नुसताच फिरेल.

चेन की शाफ्ट, हेही इथेच येतं. बहुतेक एटीसी चेनच्या आहेत. १९८५ च्या बिग रेड २५०ईएसला शाफ्ट, रिव्हर्स आणि सेल्फ स्टार्ट तिन्ही आहेत. शेतावरच्या कामासाठी तीच सोयीची. चेनच्या गाडीत स्प्रॉकेटचे दात मोजा आणि तक्त्याशी जुळतात का पाहा. पुढे १२ आणि मागे ४० दात असतील तर गुणोत्तर ३.३३. कोणी पुढे १३ चं बसवलं असेल तर ३.०८, म्हणजे वरचा वेग वाढला आणि चढावरची ओढ तितकीच कमी झाली. मालक ‘ही गाडी फार पळते’ म्हणाला की आधी दात मोजा.

पायरी ५: टायर आणि हवा

‘२२×११-८’ म्हणजे टायरची उंची २२ इंच, रुंदी ११ इंच, आणि तो ८ इंची रिमवर बसतो. एटीसी ९० आणि ११० ला तिन्ही चाकांना हाच आकार. २५०आर किंवा ३५०एक्ससारख्या वेगाच्या गाड्यांना पुढचं चाक अरुंद आणि मागची रुंद.

हवेचा दाब पाहून नवखा दचकतो: ११० आणि २०० सारख्या गाड्यांना फक्त २.२ पीएसआय. मोटारीच्या टायरमध्ये ३० च्या पुढे असतो. छापण्यात चूक झालेली नाही. या गाड्यांमध्ये टायर हेच सस्पेन्शन आहे, बाकी काही नाही. दाब ६ केला तरी टायर चेंडूसारखा उडतो आणि तीन चाकांवर ते उडणं सांभाळता येत नाही. मोटारीचं हवेचं गेज इथे चालत नाही, कारण त्याच्या काट्याला २ आणि ४ यातला फरक दिसतच नाही. ० ते १० पीएसआयचं गेज वेगळं विकत घ्या. ते फार महाग नसतं, आणि या गाडीसाठी घेतलेली ती पहिली वस्तू असावी.

यापुढची गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. दांडा एकच असल्यामुळे मागचे दोन्ही टायर सारख्या घेराचे हवेत. होंडाच्या मॅन्युअलमध्ये टायरचा घेर वेगळा दिलेला असतो तो याचसाठी. शिंप्याची टेप घ्या, दोन्ही टायरमध्ये सारखी हवा भरा आणि मधोमध घेर मोजा. २२ इंची टायरचा घेर साधारण १७५ सेंटीमीटर येतो. दोहोंत ३ सेंटीमीटरचा फरक असेल तर वरच्याच ८० सेंटीमीटरच्या हिशेबाने गाडी स्वतःहून सुमारे ४७ मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढू पाहते. हँडल सरळ धरलं तरी ओढ एका बाजूला राहते आणि मालक फोर्क वाकला म्हणून फोर्क बदलतो. आधी टेप लावा.

मूळचे ओत्सू टायर अजून बसलेले दिसले तर ते संग्रहासाठी छान. चालवण्यासाठी बाजूच्या भिंतीवर नख दाबून पाहा. भेगा उघडल्या तर टायर बदलायचा.

पायरी ६: सस्पेन्शन आणि ब्रेक

९० आणि ११० ला सस्पेन्शन नाही. १९८१ ची २५०आर पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन घेऊन आली, डिस्क ब्रेकही दोन्हीकडे. बिग रेडला पुढे फोर्क आहे, मागे टायरच.

ज्या गाडीला सस्पेन्शन आहे तिच्यात फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरून बोट फिरवा. गंजाचा खडा लागला तर नवं सीलही लवकरच फाटेल. मागच्या शॉकमधून ऑइल गळत नाही ना, आणि लिंकेजच्या (शॉकला जोडणाऱ्या दांड्यांच्या) जोडांत ढिलेपणा नाही ना, एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

लहान जुन्या मॉडेलांना ब्रेक फक्त मागे. तो ड्रम असतो, आणि पाण्यातून गाडी नेली की सीलमधून पाणी शिरतं. ड्रम उघडल्यावर लाल चिखल निघाला तर नवल वाटू देऊ नका, पण शूज आणि सील दोन्ही बदला. डिस्कच्या गाडीत मास्टर सिलिंडर उघडून ब्रेक ऑइलचा रंग पाहा. चहासारखा काळपट असेल तर कॅलिपरचे पिस्टन अडकलेले असण्याचीच शक्यता जास्त.

पायरी ७: वीज आणि पेट्रोल

प्लगला ठिणगी देण्यासाठी जुन्या लहान गाड्यांत पॉइंट्स (यांत्रिक स्विच), नंतरच्यांत सीडीआय (इलेक्ट्रॉनिक पद्धत). दोरी ओढून सुरू होणाऱ्या बहुतेक गाड्यांना बॅटरीच नाही. हेडलाइट थेट इंजिनाच्या कॉइलवर चालतो, म्हणून इंजिन मंद झालं की दिवाही मंद होतो. तो बिघाड नाही. बल्ब घेताना ६ व्होल्ट की १२ व्होल्ट एवढं तक्त्यात पाहा.

अमेरिकेत पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्के इथेनॉल असतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की ते कार्बोरेटरमध्ये चिकट थर सोडतं आणि बारीक जेट बुजतो. ‘चोक लावून चालते, काढला की बंद पडते’ हे त्याचं नेहमीचं लक्षण. जेट काढून उजेडासमोर धरा, गोल भोक स्वच्छ दिसलं पाहिजे. तार घालून खरवडू नका, भोकाचं माप बदलतं. टाकीच्या क्षमतेत राखीव पेट्रोल धरलंय का तेही बघा, आणि तक्त्यातलं ‘कोरडं वजन’ म्हणजे पेट्रोल-ऑइलशिवायचं वजन हे विसरू नका. दर लिटर पेट्रोलमागे पाऊण किलो वाढतं, आणि ट्रेलरवर चढवताना ते जाणवतं.

पायरी ८: आपला स्वतःचा तक्ता तयार करा

एका वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात कंपनीचा आकडा, दुसऱ्यात गाडीवर मोजलेला, तिसऱ्यात काय करायचं ते. बोअर, टॅपेट, कॉम्प्रेशन, स्प्रॉकेटचे दात, टायरचा आकार आणि घेर, दाब, ब्रेक शूजची जाडी. कंपनीचे आकडे त्या वर्षाच्या मूळ सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. लोकांनी ऐकून लिहिलेल्या याद्यांत मॉडेल वर्षांची सरमिसळ फार असते. पहिला आणि दुसरा रकाना जिथे जुळत नाही तिथेच भाव करायचा, आणि तीच पुढच्या दुरुस्तीची यादी.

पहिली गाडी कोणती घ्यावी, याबद्दल माझं मत ठाम आहे. मोठ्या माणसाने ११० किंवा साधी २०० घ्यावी. हळू आहे, सोपी आहे, सुटे भाग अजून मिळतात. २५०आर, टेकाटे, ट्राय-झी या शर्यतीच्या ताकदीच्या गाड्या आहेत. त्यांच्या सौंदर्याबद्दल मला मनापासून आदर आहे आणि म्हणूनच नवख्याच्या हातात त्या देऊ नयेत असं वाटतं. आणि लहान मुलांसाठी म्हणून ७० घेऊ नका. ती दिसते खेळण्यासारखी, पण वळताना वजन हलवण्याचं काम तिच्यावरही तितकंच करावं लागतं, आणि मुलांना ते जमत नाही.

पायरी ९: पहिली फेरी

हेल्मेट, गॉगल, हातमोजे आणि घोट्याच्या वर जाणारे बूट. मागे कोणालाही बसवायचं नाही. लांब सीट वजन पुढे-मागे हलवण्यासाठी आहे, दुसऱ्या माणसासाठी नाही.

सपाट, मऊ, मोकळी जागा निवडा. खासगी जमीन असेल तर उत्तम. सार्वजनिक जागांमध्ये कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल वाळूच्या टेकड्या, ओरेगॉनचा वाळूचा किनारा, मिशिगनमधलं सिल्व्हर लेक ही या गाड्यांची जुनी ठिकाणं आहेत. तिथे परवाना, स्टिकर आणि गाडीवर उंच काठीचा झेंडा अशा अटी असतात. टेकडीच्या पलीकडून येणाऱ्याला तुम्ही त्या झेंड्यावरूनच दिसता. जाण्याआधी त्या ठिकाणचे चालू नियम वाचा. जास्त वर्दळीच्या दिवशी शिकायला जाऊ नका.

पहिल्या गिअरमध्ये मोठी वर्तुळं काढा, आधी डावीकडे, मग उजवीकडे. आणि हे सर्वांत महत्त्वाचं: पाय खाली टेकवू नका. मोटरसायकल चालवणाऱ्याचा पाय तोल गेला की आपसूक जमिनीकडे जातो. इथे पायाच्या मागोमाग रुंद मागचं चाक येत असतं. ते टाच पकडतं आणि पाय खाली ओढून घेतं. तोल जातोय असं वाटलं तर थ्रॉटल सोडा, पाय पेगवर घट्ट ठेवा आणि धड उचललेल्या चाकाच्या बाजूला टाका. हे अंगवळणी पडेपर्यंत दुसरा गिअर नको.

चढ सरळ चढा, तिरपा कापू नका. चढताना छाती हँडलवर आणा. तीन चाकांची गाडी मागे उलटायला फार वेळ लागत नाही. मध्येच इंजिन बंद पडलं तर ब्रेक धरा, वरच्या बाजूने उतरा आणि गाडी हाताने वळवा. गाडी मागे घरंगळू देऊन ब्रेक दाबलात तर ती तुमच्यावरच येईल.

परत आल्यावर इंजिन गार होऊ द्या आणि नट आवळायचे पाने घेऊन बसा. दांड्याचे नट, चाकांचे नट आणि हँडलचे क्लॅम्प पुन्हा आवळून पाहा. नव्याने बसवलेले भाग पहिल्या फेरीत जागा धरतात आणि नट हमखास ढिले होतात. चेनचा ताण मोजा. एअर फिल्टरचा डबा उघडा, आत वाळू किंवा पाणी दिसलं तर इंजिन पुन्हा सुरू करण्याआधी ते कुठून आलं हे शोधा. ऑइल ताजं असलं तरी एकदा काढून बघा: दुधासारखं पांढरट झालं असेल तर आत पाणी गेलंय, चमचमणारे कण दिसले तर धातू झिजतोय. दोन्ही गोष्टी वहीच्या तिसऱ्या रकान्यात लिहा आणि त्या निस्तरल्याशिवाय दुसऱ्या फेरीला निघू नका.